लिंग ओळखा

शारजात, अल खानच्या सातव्या मजल्यावर
शाल्मली फ्रेंचचा गृहपाठ करते.
इंग्रजीत वाढलेली पोर, तिला पटतच नाही
टेबल बाई कसं असतं.

वहीत दोन रकाने.
मादाम नझ्लांची लाल शाई:
ला मेर. ल साब्ल.
समुद्र, ती. वाळू, तो.

आपल्याकडे उलटं, मी म्हणतो.
तो समुद्र. ती वाळू.

खाली खाडीला भरती लागलेली.
"मग बाबा, कोण कुणाकडे येतं?"

मी एसी उगाच कमी केला.

"आणि घर?"
ते घर.
"'ते' नसतंच फ्रेंचमध्ये,"
म्हणाली, पेन्सिल चावत बसली थोडा वेळ,
मग दोन रकान्यांमधल्या
रेघेवरच लिहिलं,
वेलांटी नाही, उकार नाही:
घर.