तेरा लुगडी

मे महिना. पारा सेहेचाळीस.
धंतोलीतल्या एका इमारतीत माणसं पैसे भरून
कोमट पाण्यात उतरतात,
हे मी तांडापेठेत कुणालाच सांगितलं नाही.
सांगणार तरी कसं?
घरात कूलर गरम वारा ओकतोय
आणि डोमाजी निखारे रिक्षा करून
ऊन पाण्यात बसायला निघालेत.

पहिल्या दिवशी कठडा धरून नुसता उभा राहिलो.
चड्डी नवी, पोट जुनं,
आणि पाण्यात माझ्या नातीएवढी सुकेशनी वासनिक.
"उतरा काका. शिडीकडे तोंड करून."
बाई, मले पोहता येत नाही.
"चालता येते ना?"

तेच तर येत नव्हतं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली होती.
दोन हाडं, मधली फट गेलेली,
खळ जास्त झाली की ताण्याचे धागे
एकमेकांना धरून बसतात, तशी.

घोटा. पोटरी.
पाणी गुडघ्याशी आलं तेव्हा दुखणं थबकलं,
अनोळखी घरात शिरलेल्या मांजरासारखं.
गेलं नाही. दबकून बसलं.

"वजन किती तुमचं?"
अठ्ठ्याहत्तर. काट्यावर पाहून आलोय.
"गळ्यापर्यंत पाण्यात आठेक किलोच भरते."

आठ किलो.
मी हिशेब केला, मला एकच हिशेब येतो:
तेरा लुगडी.
गठ्ठा बांधावा, सायकलच्या कॅरिअरला आवळावा,
गांधीबागेत सेठच्या गादीवर टाकून यावा,
एवढाच मी.

"उजवा पाय दाबा. सोडा. आता डावा."

तेव्हा ओळख पटली.
जमिनीतला खड्डा, खड्ड्यात लोंबते पाय,
उजवी पावडी, डावी पावडी,
एक्केचाळीस वर्षं दुसरं काय केलं?
त्या खड्ड्याच्या ओलीनं गुडघे खाल्ले,
हा निळ्या टाइलचा खड्डा म्हणतो, थोडे परत देतो.
फक्त आवाज नाही.
खटक् नाही, धोट्याची धाव नाही,
पाय दाबतो ते सगळं पाणी गिळतं
आणि कापड बोटभरही पुढं सरकत नाही.
तेव्हा लुगड्यामागे मजुरी मिळायची,
आता पावडी दाबायचे मीच साडेतीनशे देतो.
हसू आलं. नाकात पाणी गेलं.

पलीकडे सावनेरच्या खाणीतले बिसेनजी
मानेखाली फोमची नळी घेऊन उताणे तरंगतात.
त्यांच्या कण्यात दोन स्क्रू आहेत.
महिनाभर काही बोलले नाहीत. मग एकदा म्हणाले,
"छत एवढं वर असलं की बरं वाटते."

बाहेर निघणं मात्र वाईट.
शिडीच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी
एकेक गठ्ठा परत पाठीवर ठेवतं.
वर आलो की अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर.
मापात पाप नाही.

सुकेशनी खोटं बोलत नाही.
"पूर्ण नाही जाणार काका. पण हलाल."
हललो. परवा गोळीबार चौकापर्यंत काठीविना गेलो.
येताना ई-रिक्षा केली, तेही सांगून टाकतो.

माग भंगारात गेला त्याला बरीच वर्षं झाली.
खड्डा बुजवून वर फरशी घातली,
फरशीवर आता कूलर.
रात्री त्याच्या टाकीत पाणी ओतायला बसलो
आणि बादलीत हात कोपरापर्यंत घालून
तसाच राहिलो.
सून म्हणाली, "बाबा, काहून बसले असे?"

वजन करतो, म्हटलं.