किती म्हणजे किती

फोन आला तेव्हा मी शाळेची बस धूत होते.
मागच्या सीटखाली कुण्या पोरानं टाकलेलं अर्धं सफरचंद,
खांबावर करकोचे चोची वाजवत होते.
लक्झेंबर्गहून झेफेरिनो:
आई, आठ जणांत एक शेगडी,
माझी पाळी वीस मिनिटं.
कपाटात परवाचा पाव, दोन अंडी, लसूण.
काय करू?

वीस मिनिटांत मी तुझ्या बापाला होकार दिला होता,
जेवण काय चीज आहे.
पाणी ठेव.

किती?
लागेल तेवढं.
लागेल तेवढं म्हणजे किती?
अरे, भिंती बांधतोस ना तू?
सिमेंटमध्ये पाणी ओतताना कुणाला विचारतोस?
मोजतो, म्हणाला. इथं सगळं मोजतात.

बरं. तीन पाकळ्या लसूण, खडेमीठ, कोथिंबीर,
खलात घालून ठेच.
खल नाहीये.
मग वाडग्यात घे आणि बाटलीच्या बुडानं ठेच.
कोथिंबीर नाहीये.

इथं मी नळ बंद केला.
आमच्या आलेंतेजूत कोथिंबीर नसलेलं घर
मी अजून पाहिलेलं नाही.
फुटक्या बादलीत लावतात, तेलाच्या डब्यात लावतात,
शेजारच्या ओफेलियानं तर नवऱ्याच्या बुटांत लावलीय.
नवरा गेला, बूट हिरवेगार आहेत.

दुकानात मिळते, तो म्हणाला, कुंडीसकट,
चार काड्या, आणि भाव अख्ख्या पावाचा.
राहू दे. नुसता लसूण चालेल.
वर तेल ओत.
ऑलिव्हचं?
नाही, इंजिनचं.

हसला. बऱ्याच दिवसांनी.

आता ऐक. उकळी आली की आच कमी कर,
अंडं आधी कपात फोड, मग अलगद सोड.
पांढरं पिवळ्याभोवती शाल ओढून घेईल,
तेवढ्यात उचल.
आणि तेच पाणी, गरम गरम, त्या लसणावर.
वास नाकापर्यंत येईस्तोवर बोलायचं नाही.

तो बोलला नाही.
मीही नाही.
फोनमध्ये पलीकडे खुर्च्या सरकल्या,
कुणीतरी क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं.

माझी आई बुचाच्या रानात
साल सोलणाऱ्या चाळीस गड्यांना हेच रांधायची.
चाळीस माणसांत अंडी सहा.
पाणी मात्र सढळ हातानं.
याला काही नाव आहे हेच तिला पटत नसे.
आसोर्दा कसला डोंबलाचा, म्हणायची,
पाणीच आहे ते,
पाहुणे आले म्हणून लसूण लावून बसलंय.

पाव घालू का?
घाल. सुरी नको, हातानं तोड.
तोडताना बोटं दुखली का?
दुखली.
मग बरोबर शिळा आहे.

आई, तू काय खाल्लंस?
हेच, म्हटलं.
कोंबड्यांसाठी उचललेलं सफरचंद
अजून हातातच होतं.

रात्री परत फोन.
एका वाडग्यात पाच जण बसले म्हणे.
केप व्हर्देचा एक गडी म्हणाला,
आमच्याकडे यात मासा असता.
त्याला सांग, मासा असता
तर आमच्याकडेही असता.

उद्या काय करू?
उद्या काय उरतंय ते आधी बघ.
पाव टाकू नकोस.

हो. आणि आई,
पाणी दोन मग लागलं. मी मोजलं.

लिहून ठेव, म्हटलं.
इतकी वर्षं
मला तरी कुठं ठाऊक होतं.