देणारो धन कसो

शिरोड्याच्या शाळेत नववी 'ब'च्या खिडकीतून
मिठाची आगरं दिसतात.
मार्चात ती डोळ्यांवर येतात, म्हणून पडदा अर्धा ओढलेला.
फळ्यावर मी सोडिअम काढला:
मधे अकरा. भोवती दोन, मग आठ,
आणि अगदी बाहेर एकटाच एक.
शेजारी क्लोरीन, कडेला सात. एक उणा.

"हा देतो, तो घेतो.
देणारा धन आयन. घेणारा ऋण आयन.
लिहून घ्या."

लिहिलं सगळ्यांनी. हेमांगी राऊळनं नाही.
ती पहाटे आईबरोबर मिठाच्या दोन खेपा टाकून येते,
केसांच्या मुळाशी पांढरं तसंच.
"बाई, देणारो धन कसो?
तेच्याकडचा तर गेला."

वर्ग हसला. मीही, जरासं.
मग म्हटलं, गेलं ते काय होतं ते बघ आधी.
इलेक्ट्रॉन मुळात उणा.
अकरा अधिक, अकरा उणे, बेरीज शून्य,
म्हणून अणू उदासीन.
त्यातला एक उणा उठून गेला
आणि आतला एक अधिक उघडा पडला.
मिळालं काहीच नाही गं त्याला.
उघडं पडलं, तेवढंच त्याचं धन.

ती खाली मान घालून लिहीत राहिली.
मी डस्टर शोधत होते. हातातच होतं.

आसोलीच्या घरात मी पाचवी मुलगी,
सगळ्यांत कडेला, ओसरीवर झोपणारी.
आरोंद्याला मावशीचं दार संध्याकाळी लवकर लागायचं,
बाहेरून आत बोलवायला कोणी नव्हतं.
त्याआधी दोन्ही घरं उदासीन:
चतुर्थीला एक नारळ इकडून तिकडे, संपलं.
मी चार वर्षांची, एसटीत मावशीच्या मांडीवर,
हातात खाजाचा पुडा, चिकट.
वहीत कुठे नोंद नाही.
मावशीला लोक म्हणाले, भाग्य उजळलं.
आईला काय म्हणाले, मला कुणी सांगितलं नाही.

पुढे बाजाराच्या दिवशी
दोघी शेजारी शेजारी बसायच्या, टोपल्या घेऊन.
बोलणं सुकटीच्या भावावर. माझ्यावर कधीच नाही.
मधे वीतभर जागा.
त्याहून लांब त्या गेल्या नाहीत कधी,
आणि त्याहून जवळ यायला गेल्या की
कसल्यातरी कारणानं भांडायच्या.
मी एकीच्या पदराशी बसून
दुसरीच्या पायातली जोडवी मोजायचे.

"बाई, समुद्रात मग कोणाचा कोणाक दिलेला
ता कसा कळता?"

नाही कळत.
पाण्यात सगळे सुटे हिंडतात,
प्रत्येकाभोवती पाण्याचा घोळका.
ज्याला दिलं तो पुन्हा भेटेलच असं नाही.
तुमच्या आगरात ऊन लागतं, पाणी आटतं,
तेव्हा जो जवळ असेल त्याच्याशी जुळतात.
एका सोडिअमला सहा क्लोरीन,
वर, खाली, चहूकडून.
त्यातला एकही त्याचा देणेकरी असेल-नसेल.
सहाही धरून बसतात.

हे पुस्तकात नाही. परीक्षेला येणार नाही.

तासाला सात मिनिटं उरली होती.
रॉकेलच्या बाटलीतून चिमट्यानं सोडिअम काढला,
ब्लेडनं तांदळाएवढा तुकडा कापला. लोण्यासारखा मऊ,
आतून चांदी, बघता बघता काळवंडणारी.
परातीतल्या पाण्यात टाकला:
फसफसला, सैरावैरा पळाला,
कडेला आपटून फट्‌कन पेटला.
मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली.

हेमांगी हलली नाही.
"आमच्या मिठात ह्योच आसा?"

हाच, म्हटलं.
मग म्हटलं, हा नव्हे.

घंटा झाली. तिनं नखानं
केसांतलं पांढरं खरवडलं,
उजेडाला धरून पाहिलं,
आणि जिभेवर ठेवलं.