फायबरची होडी

"मॅकला व्हायरस लागत नाही,"
दुकानात शिरतानाच हेमांगी खोबरेकर सांगते,
जसं तिच्या बाबाने फायबरची होडी घेतली तेव्हा
सगळ्या दांडीला सांगितलं होतं:
"हेका कीड लागाची नाय."

नाहीच लागली. खरं ते खरं.
चंद्रूसाचा डबा तेव्हापासून खोपीत पालथा.
बुडाला कालवं मात्र धरतात,
महिन्याला एकदा ओहोटीत बसून खरवडतो म्हातारा,
आणि त्याबद्दल बोलत नाही.

मी तिचं मशीन उघडतो.
चार हजार फोटो, कुणाकुणाच्या हळदीचे,
आणि त्यांवर पुन्हा पुन्हा येऊन बसणारी एक खिडकी:
तुमचा मॅक धोक्यात आहे, इथे दाबा.
"दाबलंस?"
"पासवर्ड मागितला त्याने."
"आणि?"
ती बाहेर बघते. बर्फाची गाडी वळते आहे.

अर्धा तास लागला काढायला.
"मग अँटिव्हायरस घालू की नको?"
माझ्या मॅकवर नाही, हे सांगावं का हिला?
"आधी अपडेट कर," म्हणतो. "तीन वर्षं झाली."

संध्याकाळी बाबा येतो, पिशवीत सौंदाळे.
पैशांचं विचारत नाही.
मशीनच्या बुडावरून बोट फिरवतो:
"हेकापण कालवां धरली मां?"