साक्षीचा खुंट

रुकडीच्या अलीकडं, भराव जिथं पुलाकडं चढायला लागतो,
तिथं खड्ड्यात मातीचा एक खुंट उभा होता.
छातीएवढा. डोक्यावर हराळीचं टोपडं.
बाबा कीमन होते, खांद्यावर हातोडा टाकून
रोज तेवढी लाइन पायांखालून काढायचे.
एका उन्हाळ्यात मला बरोबर नेलं,
खुंटाशी थांबले, पायताण काढलं, म्हणाले,
"पाया पड. तुझी पणजी हाय ही."

तिम्मव्वा वडार. बेळगावकडून गाढवांबरोबर आली.
पाटीत माती, पाटीखाली चुंबळ, चुंबळीखाली ती.

खणताना मधे एक खुंट सोडायचा, असा नियम.
आधी जमीन कुठवर होती, त्याचा साक्षीदार.
शनिवारी मोजणीवाला येई, खुंटाला फीत लावी:
जेवढा उंच खुंट, तेवढा खोल खड्डा, तेवढे पैसे.
आणि मुकादम फितीचं टोक अंगठ्याखाली दाबून धरी,
दर हप्त्याला वीतभर घाम गायब.

मग एका रात्री तिम्मव्वानं
खुंटावर वीतभर ओली माती चढवली, थापली,
वर हराळीची ढेकळं बसवली, मुळासकट,
आणि रोज रात्री तोंडातून पाणी आणून घातलं.
शनिवारपर्यंत गवतानं धरलं.
साक्षीदार खोटं बोलला, हिशेब खरा झाला.

पहिली गाडी आली तेव्हा ती हुबळीकडं, पुढच्या भरावावर.
गाडीनं रॉकेल आणलं, मंगलोरी कौलं, पंजाबी पैलवान,
धान्याच्या पोत्यातून उंदीर,
उंदरामागून काखेतल्या गाठी.
लोक रानात झोपड्या घालून राहिले,
गल्लीत दारं उघडी, आत कोणी नाही.
जाताना गाडीनं गूळ नेला, पार गुजरातपर्यंत.
फोंड्याच्या घाटानं खारेपाटणला ढेपा नेणारा मलगोंडा
दोन वर्षं बैलांना नुसताच चारत बसला,
मग घुंगुरमाळा पितळेच्या भावानं विकल्या.
त्याच्या नातवाला स्टेशनात हमालीचा बिल्ला मिळाला. नंबर सतरा.

आणि गाडी इथंच थांबली.
कोल्हापूरला रूळ संपतात तिथं दोन बफर,
त्यापलीकडं एक बाभळ, चहाचा गाडा, भिंत.
भिंतीमागं कुठंतरी कोकण.
"फुडं का न्हाई?"
"डोंगार हाय."
"मग खणायचा की."
बाबा हसले. "मोजून झालंय म्हनं."

तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा पट्टी माझ्याच हातात होती.
बावड्याच्या अंगाला, धुक्यात, जळवांत,
पांढरे दगड रोवत गेलो, त्यावर लाल आकडे.
साहेब दुर्बिणीआडून हात हलवायचा:
डावीकडं, अजून, अजून थोडं.
एकशे बारा नंबरवर आता धोंडाबाई बोडेकर धुणं धुते.
मला ओळखून विचारते, "गाडी कवा?"
मी म्हणतो, आकडा तेवढा जपा.
"आकडा कवाच गेला," ती म्हणते, "साबणानं."

परवा कळलं, दुसऱ्या रुळासाठी खड्डा बुजवणार.
जेसीबीवाला पोरगा भला होता.
म्हणाला, धा मिन्टं देतो.
मी फीत घेऊन उतरलो. सवय.
वरच्या वितीची माती अजून वेगळी, जरा तांबूस,
बोट फिरवलं की जोड लागतो.
हराळीसकट तेवढीच वीत सुटी केली,
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घातली.
खालचा खुंट सरकारी.

चढून वर येताना धाप लागली.
पोरगा म्हणाला, "काका, काय हाय त्यात?"
"मजुरी."
त्याला ऐकू गेलं नसावं, इंजिन चालू झालं होतं.

घरी एक फुटकी बादली आहे.
हराळी धरते का बघू.