उणे बावीस

आधी सुती पायमोजे, मग लोकरीचे,
मग आतली विजार, तिच्यावर बाहेरची,
मग गळ्यातलं ते नळकांडं, ज्यात हेल्काचं डोकं
रोज थोडा वेळ अडकतं
आणि तेवढ्यापुरतं घर शांत होतं.
एकूण तेरा वस्तू.
राग आला की आकडे मोजावेत म्हणतात.
मी मोजतो. तेराला काही भागत नाही.

बाहेर केमी गाव काळंकुट्ट. साडेसात वाजलेत.
दहाच्या आधी इथे सूर्य उठत नाही
आणि त्याला कुणी घाईही करत नाही.
साना आखातात आहे, बर्फ फोडणाऱ्या बोटीवर, इंजिनाच्या खोलीत.
दहा दिवस तिकडे, दहा दिवस घरी.
आज सहावा.

हेल्काला दोन शब्द येतात.
एक, एइ. म्हणजे नाही.
दुसरा, इत्ते. म्हणजे माझं मी.
दूध? एइ.
टोपी? एइ.
चेन लावून देऊ? इत्ते!
एवढ्या भांडवलावर ती अख्खं घर चालवते.

तपासणी केंद्रातल्या मार्केत्ताबाई फार सौम्य.
फॉर्मवर पेन टेकवून त्यांनी विचारलं,
सहा ठोकळ्यांचा मनोरा रचते का?
पाडते, मी म्हटलं.
दोन शब्द जोडून बोलते का?
तिला एकेक पुरतो, मी म्हटलं.
बाई हसल्या. चौकट मात्र रिकामी ठेवली.
रात्री दोन वाजता त्या चौकटीनेच मला उठवलं.

आणि काल मी ओरडलो.
सानाला अजून सांगितलेलं नाही.
एवढा आवाज माझ्यात आहे हे मलाही नवीन होतं.
हेल्का रडली नाही. खालचा ओठ आत घेतला
आणि अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.
मग येऊन माझ्याच गुडघ्याला बिलगली.
घरात दुसरं होतं कोण,
कुणाकडे जाऊन माझी तक्रार करणार होती?

आज चेन.
ती जीभ बाहेर काढून दोन टोकं जुळवते आहे.
खाली काल्लेर्वो फावड्याने बर्फ ओढतोय, खर्र, खर्र.
माझा हात आपोआप पुढे जातो,
मी तो मांडीखाली दाबून बसतो.
टोक खोबणीत जात नाही. एकदा. चारदा.
मग फरशीवर आडवी, हातपाय ताणून, भोकाड.

मीही तिच्या शेजारी आडवा होतो.
उपाय म्हणून नाही. पाय दुखतात म्हणून.
छतावर एक डाग आहे, सशासारखा.
सहा वर्षं या घरात राहतो, कधी दिसला नव्हता.
हेल्का मला बघते, मग डागाला बघते,
रडणं कुठपर्यंत आलं होतं ते विसरते.
उठून बसते.
आणि चेन लागते.
बेंबीपर्यंत.
तेवढी पुरे, असं तिचं मत आहे.
उरलेली जिन्यात गुपचूप ओढून घेईन.

मी कोट चढवतो, पिशवी घेतो, दार उघडतो.
थंडी अंगावर येते, उधारी मागायला आल्यासारखी.
हेल्का उंबऱ्यातच थांबते. मागे वळते.
जाड हातमोज्यातून बोट दिसत नाही,
पण ते खुंटीवरच्या माझ्या टोपीकडे रोखलेलं आहे.
इसॅ, ती म्हणते. म्हणजे बाबा.
मला कळत नाही.
ती दम घेते आणि वैतागून, माझ्याच कालच्या सुरात,
इसॅ इत्ते!

बाबा, तुझं तू.

मी टोपी घालतो. दोन्ही कान झाकून.
ती तपासून बघते, तेव्हा कुठे निघायची परवानगी मिळते.

बस अर्थातच गेलेली असते. पुढची वीस मिनिटांनी.
थांब्यावर आम्ही दोघं तोंडातून वाफा सोडत बसतो,
तिची वाफ लहान, पण जास्त.

रात्री सानाचा फोन येईल, चित्र मध्येच गोठेल,
हेल्का पडद्याला पाव भरवेल.
तेव्हा सांगेन तिला,
आधी ओरडल्याचं, मग टोपीचं.
किंवा आधी टोपीचं.