शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी

लाहिजानच्या या प्रयोगशाळेला खिडकी एकच.
तिला आता प्लास्टिकचा पडदा,
पडद्याला मी सुरीनं पाडलेली फट,
कागद सरकवण्यापुरती.

सकाळी नानवाईवाला फरामर्ज येऊन गेला.
सात पूर्णांक दोन. पॉझिटिव्ह.
"म्हणजे आता मला काही होत नाही ना?"
मास्क तोवर हनुवटीखाली आलाच होता.
मी म्हटलं, हे परीक्षेतले गुण नव्हेत,
परवाना तर नव्हेच.
तुमच्या रक्तातून कुणीतरी चालत गेलं बहुधा,
त्याचा हा माग.
पुन्हा कोणी आलं तर अडेल का, किती दिवस अडेल,
मला ठाऊक नाही. अजून कुणालाच नाही.
तो हसला.
कागद दुकानात काचेखाली लावणार म्हणाला.

मग तूबा खानम.
चहाच्या कारखान्यात पानं निवडणारे हात,
नखांत तो काळपट हिरवा रंग.
तिचा इस्कंदर इस्फंद महिन्यात गेला.
तेव्हा नाकात घालायच्या काड्या पुरत नव्हत्या.
दाखल्यावर लिहिलंय, श्वसनक्रिया बंद पडल्याने.
"श्वास बंद पडूनच मरतात सगळे," ती म्हणाली,
"हे काय कारण झालं?"
अकरा रात्री ती त्याच्या उशाशी.
चमचा एक, पेला एक, टॉवेल एक.
चाळिसाव्याला दारात कुणी आलं नाही,
येऊ दिलंच नाही कुणाला.
"माझ्या रक्तात सापडला,
तर त्याच्यातही होता असं म्हणता येईल ना?"
पैसे तिनं सुट्या नोटांत मोजून दिले होते.

शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी.
एकाच्या खाली म्हणजे निगेटिव्ह.
यंत्राला कुणीतरी रेघ आखून दिलीय,
ते रेघेपलीकडे बघत नाही.

मी सांगू लागले.
चार महिने झाले, खानम.
कुणाच्या रक्तात हे प्रथिन भरभरून तयार होतं,
कुणाच्या जेमतेम, आणि ओसरतंही.
साखरेचा खडा दाताखाली धरून चहा पिता ना तुम्ही?
नंतर रिकामा पेला तपासून
कोण सांगणार, खडा होता की नव्हता?

"म्हणजे होता."
तसंही नाही.
"मग नव्हता."
तसंही म्हणता येत नाही.
"मग तू इथं बसून सांगतेस तरी काय?"

मागची रांग खोकली. म्हणजे एक माणूस खोकला
आणि बाकीची रांग दोन पावलं सरली.

ती फटीशी वाकली.
आवाज इतका खाली, की मला वाचावा लागला
मास्कच्या कापडाच्या हालचालीत.
"आधी मला कणकण होती.
त्याच्या दोन दिवस आधी.
कारखान्यातून आले, अंग दुखतंय म्हणाले,
त्यानं पाय चेपून दिले.
हा कागद म्हणतो का,
की मी आणला नाही?"

एक हो. दोन सेकंदांचं काम होतं.
निगेटिव्ह शब्द तिच्यासमोरच होता छापलेला,
मला नुसती मान हलवायची होती.

कोण आधी, कोण नंतर,
कुणाकडून कुणाकडे,
हे रक्ताला विचारायची नळीच नाही आमच्याकडे.
मी तेच सांगितलं.
तिनं ऐकलं. कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूनं फटीतून आत सरकवला.
"मग हेच लिही. माहीत नाही म्हणून लिही.
आणि शिक्का मार.
त्यांनी खोट्यावर मारला,
तू यावर मार."

असा काही रकाना नसतो.
तरी लिहिलं, तारीख घातली, तीर महिन्याची.
शिक्का उचलला तर शाई सुकलेली.
पूर्वी अशा वेळी
मी रबरावर तोंडानं वाफ सोडायचे.